एकाच नावाची माणसे आणि आपली सार्वजनिक स्मृती

वसईचा किल्ला १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकून घेणाऱ्या मराठी फौजेचे नेतृत्व चिमाजी अप्पांनी केले आणि त्या वेळी पेशवेपदावर त्यांचे थोरले बंधू बाजीराव होते. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला, तेव्हाही पेशव्यांचे नाव बाजीराव होते आणि त्यांच्या धाकट्या बंधूंचे नाव चिमाजी अप्पा होते. रघुनाथरावांच्या या दोन मुलांना आजोबांचे आणि आजोबांच्या भावाचे नाव मिळाले होते. स्थळ तेच, घराणे तेच, भावांची जोडीही त्याच नावांची. मधल्या त्रेसष्ट वर्षांत मात्र मराठी सत्तेचे सारे रूप पालटले होते. ज्या वाक्यात केवळ ‘बाजीराव’, ‘चिमाजी अप्पा’ आणि ‘वसई’ एवढेच शब्द असतील, ते वाक्य वाचकाला विजयाकडेही नेऊ शकते आणि स्वातंत्र्य गमावण्याच्या पहिल्या मोठ्या पावलाकडेही.

माणूस नावाने ओळखला जातो हे खरे असले, तरी एकट्या नावाने तो पुरता ओळखला जात नाही, आणि जो समाज आपल्या पूर्वसूरींची नावे रस्त्यांना, शाळांना, चौकांना आणि संस्थांना इतक्या हौसेने देतो, त्याने त्या नावामागचा माणूस नेमका कोणता हे सांगण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. पाठ्यपुस्तके, नामफलक, कोश, शासकीय पत्रके आणि आता संगणकावरील माहितीसाठे या साऱ्यांत एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या ठेवणे हा संपादकांचा तांत्रिक प्रश्न समजून सोडून दिला जातो. माझ्या मते तो न्यायाचा प्रश्न आहे, कारण दोन माणसे एका नावात मिसळली की दोघांपैकी एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या खाती जमा होते, आणि ज्याचे जाते तो सहसा कमी प्रसिद्ध, कमी लिहिला गेलेला, बोलायला मागे कोणी न उरलेला माणूस असतो.

नावे पुन्हा पुन्हा येतात ती योगायोगाने क्वचितच. राजघराण्यांत नाव ठेवणे ही राजकीय कृती असे. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. १६५७ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव महाराजांनी संभाजी ठेवले. पुढे राजाराम महाराजांच्या एका मुलाचे नाव शिवाजी आणि दुसऱ्याचे संभाजी ठेवले गेले. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारशाचा वाद उभा राहिल्यावर ही नावे केवळ आठवण म्हणून उरली नाहीत. संस्थापकाच्या राज्यावर आपलाही हक्क आहे, हे त्या नावांतून रोज ऐकू येत होते. १७३१ चा वारणेचा तह शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात झाला. हे संभाजी कोण, हे जिथे सांगितलेले नसते तिथे १६८९ मध्ये औरंगजेबाने ठार केलेल्या छत्रपतींच्या नावावर १७३१ चा तह चढतो, आणि तह करणारे दोघे सख्खे चुलतभाऊ होते ही त्या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाचकाच्या हाती लागतच नाही.

शाहू या नावाचे उदाहरण याहून बोलके आहे. साताऱ्याचे शाहू महाराज १६८२ मध्ये जन्मले, त्यांचे बालपण आणि तारुण्य मोगलांच्या कैदेत गेले, १७०७ मध्ये ते सुटले आणि १७४९ मध्ये निवर्तले; मराठी सत्तेचा मोठा विस्तार त्यांच्या कारकिर्दीत झाला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज १८७४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव म्हणून जन्मले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १८८४ मध्ये त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते शाहू झाले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. या दोघांमध्ये सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे, गादी वेगळी आहे, कार्याचे स्वरूप तर पूर्णपणे वेगळे आहे. आणि तरीही ‘शाहू महाराज’ एवढ्याच दोन शब्दांवर समाधान मानणारे लेखन सर्वत्र आढळते. एक यशवंतराव शाहू का झाले, दत्तकविधानात कोणते नाव निवडायचे याला इतके महत्त्व का होते, हे प्रश्न विद्यार्थ्याला पडायचे असतील तर आधी त्याला दोन शाहू वेगळे दिसायला हवेत. नावांची पुनरावृत्ती हाच इतिहासाचा एक पुरावा आहे आणि मोघम लेखन तो पुरावा पुसून टाकते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आकडा: पहिले, दुसरे, तिसरे. तो सोयीचा आहे, पण पुरेसा नाही. कोणताही माणूस आपल्या हयातीत ‘पहिला’ नसतो. हा आकडा त्याला नंतरच्या काळाने चिकटवलेला असतो. सातव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिणारे भास्कर आणि १११४ मध्ये जन्मलेले, लीलावतीमुळे घरोघरी पोचलेले भास्कराचार्य यांच्यात जवळजवळ पाचशे वर्षे गेली. त्यांना पहिले आणि दुसरे ठरवले ते आधुनिक अभ्यासकांनी. पुढे १९७९ आणि १९८१ मध्ये भारताने सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर-१ आणि भास्कर-२ अशी नावे मिळाली, तेव्हा तेथील आकडे उपग्रहांचा क्रम सांगणारे होते, गणितज्ञांचा नव्हे. राजांच्या बाबतीत तर मोजणी कोठून सुरू करायची यावरच एकमत नसते. राजर्षी शाहूंचे दत्तक पिता काही याद्यांत चौथे शिवाजी आहेत आणि काही याद्यांत सहावे, कारण कोणी फक्त कोल्हापूरची गादी धरतो आणि कोणी मूळ छत्रपतींपासून संपूर्ण घराणे. जन्म आणि मृत्यूची वर्षे लिहिली तर हा गोंधळ उरत नाही. चार आकड्यांच्या दोन संख्या कोणत्याही क्रमांकापेक्षा अधिक खात्रीने माणूस दाखवतात, आणि त्यांत कोणाचा मोठेपणा किंवा लहानपणा दडलेला नसतो.

हा शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण ‘दुसरा’ या विशेषणात पुष्कळदा निवाडा असतो. मराठी लेखनात पहिल्या बाजीरावांसाठी आदरार्थी बहुवचन येते आणि त्यांच्या नातवासाठी सर्रास एकवचन वापरले जाते: ते लढले, हा पळाला, त्यांनी राज्य वाढवले, याने बुडवले. दुसऱ्या बाजीरावांच्या कारभाराचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या चुका मोठ्या होत्या आणि त्यांची किंमत सर्वांनी मोजली. परंतु आजोबांशी तुलना करून नातवाचे मूल्यमापन होत नाही. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू, त्यानंतर गादीवर कोणाला बसवायचे यावरून वर्षभर चाललेले डावपेच, ज्यात याच धाकट्या चिमाजी अप्पांना काही काळ पेशवेपदावर बसवण्यात आले, १८०० मध्ये नाना फडणवीसांचे निधन, शिंदे आणि होळकर यांचे वैर आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी मिळवलेला विजय ही साखळी समजल्याशिवाय वसईचा तह समजत नाही. १७२० मध्ये पेशवे झालेल्या बाजीरावांपुढे यांतले काहीही नव्हते. नाव एक असल्यामुळे आपण दोन वेगळ्या काळांना एकाच मापाने मोजतो, आणि मग कारणमीमांसेची जागा ‘आजोबांचे नाव बुडवले’ या एका वाक्याने भरून निघते. असे वाक्य शाळेतल्या मुलाला संताप देते, समज देत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे राजे, पेशवे आणि पंडित यांची होती, आणि त्यांच्या बाबतीत निदान कागद पुष्कळ आहेत. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न फार खोल जातो. पुरुषाला आजोबांचे नाव मिळते तेव्हा त्याला काहीतरी दिले जाते: वारसा, हक्क, अपेक्षा. स्त्रीला लग्नानंतर सासरी नवे नाव मिळे तेव्हा तिच्याकडून आधीचे काढून घेतले जाई, आणि नवे नाव बहुतेक वेळा मोजक्या नावांमधूनच निवडलेले असे. कल्याणच्या एका घरात १८६५ मध्ये यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती आनंदी झाली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली. कुर्लेकरांच्या घरातली, जवळपास त्याच वयाची दुसरी एक यमुना १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह होऊन रमाबाई झाली. गोदूबाई नावाच्या विधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिका. इतक्या वेगवेगळ्या आयुष्यांवर इतकी थोडी नावे पुन्हा पुन्हा पांघरली गेली आणि पुढच्या पिढ्यांना त्या साऱ्या जणी एकाच साच्यातल्या वाटू लागल्या.

रमाबाई हे नाव घेऊन पाहावे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई १८५८ ते १९२२ या काळातल्या. त्यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, पुढे शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती सदन उभे केले. रमाबाई रानडे त्याच काळात, त्याच पुण्यात, त्याच आर्य महिला समाजात होत्या. पुढे पुण्याचे सेवासदन त्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून वाढले आणि त्या १९२४ मध्ये निवर्तल्या. रमाबाई आंबेडकर १९३५ मध्ये निवर्तल्या. अत्यंत हलाखीत संसार सांभाळून त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणाला दिलेला आधार लाखो लोक आज कृतज्ञतेने आठवतात. ‘रमाबाईंनी पुण्यात स्त्रियांसाठी संस्था काढली’ हे वाक्य दोघींविषयी खरे ठरू शकते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. पंडिता रमाबाईंनी धर्मांतर केले, सनातनी आणि सुधारक अशा दोन्ही गोटांशी त्यांचे खटके उडाले. रमाबाई रानडे यांनी हिंदू घराच्या चौकटीत राहून, घरातल्याच स्त्रियांचा विरोध सोसून काम केले. ही दोन धाडसे वेगळ्या जातीची आहेत. ती एकमेकींत मिसळली की दोन्ही फिकी पडतात.

या चौघींना वेगळे कसे ओळखायचे, असे विचारले तर सोपे उत्तर येते: माधवरावांच्या, रानड्यांच्या, आंबेडकरांच्या. म्हणजे वेगळेपणासाठी पुन्हा पतीचेच नाव. एकट्या पंडिता रमाबाई आपल्या विद्वत्तेच्या पदवीने ओळखल्या जातात, आणि वडिलांनी ठेवलेले नावही त्यांच्याकडेच राहिले. म्हणून माझा आग्रह असा आहे की स्त्रियांच्या प्रत्येक चरित्रनोंदीत, जेथे माहीत असेल तेथे, माहेरचे नाव ठळकपणे आणि सुरुवातीलाच द्यावे आणि त्यांचे काम त्यानंतर लगेच लिहावे, नाते नंतर. कर्त्या स्त्रियांनी स्वतः स्वीकारलेले नाव बदलावे असे यात काहीही नाही. आनंदीबाई जोशी यांना जग आनंदीबाई म्हणूनच ओळखणार. पण ज्या यमुनेला नव्या नावाने नवे आयुष्य सुरू करावे लागले, तिची नोंद त्या आयुष्याच्या पहिल्या ओळीत असणे आवश्यक आहे. आनंदीबाई या नावाच्या बाबतीत तर आणखी एक अन्याय आहे. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांच्याशी जोडलेली ‘ध चा मा’ ही आख्यायिका इतकी रुजली आहे की नाव उच्चारताच तीच आठवते, आणि नारायणरावांच्या खुनाच्या संदर्भात तिच्या खरेपणाची शहानिशा करण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

साहित्यात एकच नाव अनेकांचे असणे हा अधिक नाजूक विषय आहे, कारण येथे कवीचे नाव हीच त्याची सही असते. ‘नामा म्हणे’ या नाममुद्रेने संपणारे सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या संत नामदेवांचे नाहीत, हे अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली गेली. यात नुकसान दोघांचेही झाले. विष्णुदास नामा यांचे स्वतंत्र कवित्व झाकले गेले आणि नामदेवांच्या भाषेविषयी काढलेले काही निष्कर्ष डळमळीत झाले. हे मराठीतच घडले असे नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेले रोमन ग्रंथकार प्लिनी आणि त्यांचे दत्तक घेतलेले भाचे प्लिनी यांना मध्ययुगीन युरोपातील विद्वान एकच व्यक्ती समजत असत. चौदाव्या शतकाच्या आरंभी व्हेरोना येथील एका धर्मोपदेशकाने त्यांना वेगळे करून दाखवले. भाच्यानेच आपल्या पत्रांत मामाच्या मृत्यूचे वर्णन लिहून ठेवले होते आणि तरीही ही गल्लत शतकानुशतके टिकली, यावरून तिची ताकद कळते.

मात्र येथे सावधगिरीही हवी. एकाचे दोन करणे हे दोघांचा एक करण्याइतकेच चुकीचे ठरू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लिहिणाऱ्या एका लेखकाने ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते हे दोन वेगळे ज्ञानदेव असल्याचा सिद्धांत मांडला. त्यावरून मोठा वाद झाला, आणि पुढच्या बहुसंख्य अभ्यासकांनी तो सिद्धांत स्वीकारला नाही. तरीही तो वाद झाला हे चांगलेच झाले, असे मी मानतो, कारण त्या निमित्ताने भाषा, परंपरा आणि हस्तलिखिते पुन्हा तपासली गेली. श्रद्धेला धक्का लागेल म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, ही भूमिका ज्ञानदेवांनाही मान्य झाली नसती.

आक्षेप असा घेतला जातो की संदर्भावरून सर्वांना समजते. एवढे काटेकोर होण्याची गरज काय? संदर्भ जिवंत असतो तोवर समजते, हे मान्य. पण संदर्भ माणसांबरोबर जातो. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईत नुसते ‘विष्णुशास्त्री’ म्हटले तरी बोलणाऱ्याचा रोख कोणाकडे आहे हे ऐकणाऱ्याला कळत असेल. आज ते कळत नाही, आणि हे दोन विष्णुशास्त्री सुधारणेच्या प्रश्नावर जवळजवळ विरुद्ध टोकांना उभे होते: विष्णुशास्त्री पंडित (१८२७–१८७६) विधवाविवाहाच्या चळवळीचे धुरीण, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) सुधारकांवर कठोर टीका करणारे. नाव अर्धवट लिहिले तर एकाच्या तोंडी दुसऱ्याचे मत घातले जाते. दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे: महापुरुषाच्या नावापुढे वर्षे आणि वडिलांचे नाव लिहिणे कोरडे वाटते. मला ते तसे वाटत नाही. ज्याचा आदर करायचा तो नेमका कोण हे ठाऊक असणे ही आदराची पहिली अट आहे.

मराठीत या शिस्तीची परंपरा नाही असेही नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोश रचताना एका नावाच्या अनेक व्यक्तींना क्रम देऊन स्वतंत्र नोंदी केल्या, आणि त्या काळात हे सारे हाताने, चिठ्ठ्यांवर करावे लागत होते. ग्रंथालयांत लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे जोडण्याची पद्धत जुनी आहे. आता प्रत्येक लेखकाला सोळा अंकी आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक देण्याची व्यवस्थाही आहे. मराठी लेखकांपैकी, विशेषतः जुन्या लेखकांपैकी, शक्य तेवढ्यांच्या अशा नोंदी पूर्ण करणे हे विद्यापीठांचे मराठी विभाग आणि मोठी ग्रंथालये मिळून करू शकतात. त्याला फार पैसा लागत नाही. चिकाटी आणि जाणकार माणसे लागतात.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. पूर्वी चुकीची नोंद एका पुस्तकात राहत असे आणि ते पुस्तक काळाबरोबर मागे पडत असे. आज संगणक लाखो पानांतून माहिती एकत्र करून क्षणात उत्तर देतो, आणि त्या पानांत नुसते नाव असेल तर तो सर्वाधिक लिहिल्या गेलेल्या व्यक्तीकडेच झुकतो. कोल्हापूरचे जे राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे अवघ्या एकविसाव्या वर्षी निवर्तले, त्यांच्याविषयी विचारणाऱ्याला १७०० मध्ये सिंहगडावर निवर्तलेल्या छत्रपतींची माहिती मिळणे किंवा राजर्षी शाहूंच्या पुत्राची माहिती मिळणे सहज शक्य आहे, आणि उत्तर तेवढ्याच ठामपणे आलेले असते. मराठीतला मजकूर आधीच थोडा. त्यातला प्रत्येक मोघम उल्लेख त्या मानाने अधिक नुकसान करतो. म्हणून शाळेसाठी पाठ लिहिणाऱ्याने, फलक कोरून घेणाऱ्या नगरपालिकेने, जयंतीचे परिपत्रक काढणाऱ्या कार्यालयाने आणि लेख प्रसिद्ध करणाऱ्या संपादकाने पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, वर्षे आणि गाव किंवा कार्य एवढे लिहावे. त्यानंतर हवे तितक्या वेळा नुसते शाहू महाराज, नुसत्या रमाबाई म्हणावे.